अनपेक्षित अध्ययन आणि गुणदान : पदव्युत्तर मराठीच्या क्षेत्रीय प्रकल्पाच्या निमित्ताने

१

पदव्युत्तर मराठीच्या अभ्यासपत्रिकांमध्ये अलीकडे प्रत्येक घटकाच्या आरंभी ‘अध्ययन निष्पत्ती’ या शीर्षकाखाली चार-पाच वाक्ये छापलेली असतात. विद्यार्थी लोकसाहित्याची संकल्पना विशद करू शकेल, लोकगीतांचे वर्गीकरण करू शकेल, बोली आणि प्रमाणभाषा यांतील भेद स्पष्ट करू शकेल, अशा धर्तीची ही वाक्ये असतात. ती सर्व ‘शकेल’ या क्रियापदाने संपतात. विद्यार्थी काय शिकणार हे तो वर्गात येण्यापूर्वीच ठरलेले आहे, आणि ठरलेले तेवढे साध्य झाले की नाही हे पाहणे म्हणजेच मूल्यमापन, असे गृहीत त्यांच्यामागे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ नंतर निष्पत्ती-आधारित अभ्यासक्रमाचा जो आग्रह धरला आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या पाहणीत जी कागदपत्रे मागितली जातात, त्यांमुळे हे गृहीत आता आपल्या अध्यापनव्यवहाराचा पाया होऊन बसले आहे.

या गृहीताला सरसकट विरोध करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आपण काय शिकवणार हे अगोदर सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. प्रश्न वेगळा आहे. अध्ययनाच्या ओघात असे काही शिकले जाते, की ज्याची कल्पना शिक्षकाला नव्हती, अभ्यासमंडळाला नव्हती आणि खुद्द विद्यार्थ्यालाही नव्हती. साहित्याच्या अभ्यासात तर हे वारंवार घडते. अशा अध्ययनाला अभ्यासक्रमात जागा करून देता येईल काय, आणि जागा दिली तर त्याचे गुणदान न्याय्य रीतीने करता येईल काय, हा येथील विचाराचा विषय आहे.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास एक तातडीचे कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची २०२३-२४ पासून जी नवी रचना झाली, तीत संशोधनपद्धती, क्षेत्रीय प्रकल्प अथवा कार्यप्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा अशा ठिकाणी मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आता परीक्षेचा भाग म्हणून गावात जायचे आहे. तेथे त्याला काय सापडेल हे अभ्यासमंडळ सांगू शकत नाही. तरीही त्याच्या प्रकल्पाचे मोजमाप करणारी पट्टी मात्र जुनीच आहे.

२

या प्रश्नाची चर्चा शिक्षणशास्त्रात नवी नाही. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमरचनेचा जो आराखडा मांडला, त्यात प्रथम उद्दिष्टे, मग अनुभवांची निवड, मग त्यांची मांडणी आणि शेवटी मूल्यमापन असा क्रम होता. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये उद्दिष्टांची श्रेणीबद्ध वर्गवारी प्रसिद्ध केली. आपल्या अभ्यासपत्रिकांतील ‘शकेल’ची वाक्ये याच परंपरेची वारसदार आहेत.

परंतु याच काळात दुसरा विचारप्रवाहही चालू होता. मूल धडा शिकत असताना धड्याखेरीज ज्या वृत्ती आणि आवडीनिवडी आनुषंगिकपणे घडतात, त्यांचे महत्त्व धड्याहून अधिक असू शकते, हे जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच लक्षात आणून दिले होते. कलाशिक्षणाचे अभ्यासक इलियट आयझनर यांनी १९६९ च्या सुमारास अभिव्यक्तिपर उद्दिष्टांची कल्पना मांडली. विद्यार्थ्याला कोणत्या परिस्थितीत नेऊन ठेवायचे, कोणत्या समस्येशी त्याची गाठ घालून द्यायची हे शिक्षकाने ठरवावे. त्यातून काय निष्पन्न होईल ते मात्र ठरवू नये, असा तिचा आशय होता. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये उद्दिष्टांऐवजी प्रक्रियेवर आधारलेल्या अभ्यासक्रमाची बाजू मांडली. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९७२ मध्ये त्याही पुढे जाऊन असे सुचवले, की मूल्यमापकाने एखाद्या कार्यक्रमाची घोषित उद्दिष्टे मुद्दाम पाहूच नयेत. प्रत्यक्षात काय घडले तेवढेच पाहावे, म्हणजे न योजलेले परिणामही त्याच्या दृष्टीस पडतील.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. यवतमाळच्या शेजारच्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नयी तालीमची योजना पुढे आली. तिच्यातील ‘समवाय’ या तत्त्वाचा गाभा हाच होता. कताई चालू असताना गणिताचा, भूगोलाचा, इतिहासाचा प्रश्न उपस्थित होईल आणि शिक्षकाने तो त्याच क्षणी उचलावा, अशी अपेक्षा होती. कोणता प्रश्न केव्हा उपस्थित होईल याची नक्की यादी करणे शक्य नव्हते. त्याच योजनेसाठी झाकिर हुसेन समितीने तपशीलवार अभ्यासक्रमही तयार केला, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. एका हाताने अनपेक्षिताला वाट द्यायची आणि दुसऱ्या हाताने सर्व काही लिहून ठेवायचे, ही ओढाताण आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

आपल्या साहित्यशास्त्रालाही ही कल्पना अपरिचित नाही. प्रतिभेचे लक्षण सांगताना अभिनवगुप्ताने तिच्या ‘अपूर्व’ वस्तू निर्माण करण्याच्या सामर्थ्यावर भर दिला आहे. पूर्वी नसलेले ते अपूर्व. ज्या विद्याशाखेचा अभ्यासविषयच अपूर्वाशी निगडित आहे, तिने आपल्या विद्यार्थ्याकडून मात्र केवळ पूर्वनिश्चिताची अपेक्षा करावी, ही विसंगती आहे.

३

आता प्रत्यक्ष क्षेत्राकडे वळू. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधल्या या जिल्ह्यात वऱ्हाडी ही बहुसंख्यांची बोली असली, तरी ती एकटी नाही. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलामांचे पोड आहेत आणि गोंडांची वस्ती आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या भागांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. कोलामी आणि गोंडी या द्राविडी भाषा. गोरमाटी ही भारतीय आर्य कुळातील. कोलामीचा पद्धतशीर अभ्यास करणारा एम. बी. एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला व तो २०१३ मध्ये आला. म्हणजे या भाषांची दखल विद्वानांनी घेतली आहे. आमच्या पदव्युत्तर वर्गात मात्र त्या पहिल्या बाकावर बसलेल्या असतानाही अदृश्य राहतात. कारण त्या बोलणारा विद्यार्थी वर्गात ‘प्रमाण मराठी शिकणारा’ एवढ्याच नात्याने उपस्थित असतो.

एक उदाहरण घेऊ. विदर्भात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या म्हटल्या जातात. त्या यमकबद्ध असतात. त्यांत महादेव-पार्वतीचे स्मरण असते, शेतीची अवजारे व बैल यांचे वर्णन असते, शेजाऱ्याची आणि गावपुढाऱ्याची टिंगल असते, आणि अलीकडे कापसाचा हमीभाव, कर्जमाफी, पीकविमा हे विषयही असतात. समजा, एका विद्यार्थ्याने क्षेत्रीय प्रकल्पासाठी आपल्या गावातील झडत्यांचे संकलन हाती घेतले. अभ्यासपत्रिकेनुसार अपेक्षित निष्पत्ती अशी की त्याने पंचवीस-तीस झडत्या गोळा कराव्यात आणि त्यांचे वर्गीकरण करावे.

हे काम करताना त्याला दोन गोष्टी जाणवल्या असे मानू. पहिली अशी, की पाठ्यपुस्तकांतील विधिगीत, श्रमगीत, क्रीडागीत या कप्प्यांत झडती बसत नाही. तिचा प्रसंग विधीचा आहे, आशय उपहासाचा आहे आणि म्हणण्याची रीत सामन्याची आहे. दुसरी अशी, की एकच झडती आजोबांनी आणि नातवाने म्हटली, तेव्हा आजोबांच्या तोंडी ‘डोया’, ‘काया’ असे वऱ्हाडी उच्चार होते आणि नातवाच्या तोंडी ‘डोळा’, ‘काळा’ असे. कारण नातवाने ती घरात ऐकलेली नव्हती, भ्रमणध्वनीवरील चित्रफितीतून पाठ केली होती. पहिल्या निरीक्षणात वाङ्मयप्रकारांच्या वर्गीकरणाविषयीचा मूलगामी प्रश्न आहे. दुसऱ्यात मौखिक परंपरेचे संक्रमण कसे बदलत आहे याचा पुरावा आहे. दोन्ही गोष्टी अभ्यासपत्रिकेत नाहीत. रूढ गुणपत्रकात पहिल्या निरीक्षणामुळे त्याचे वर्गीकरणाचे गुण कमी होतील आणि दुसऱ्यासाठी रकानाच असणार नाही. ज्याने निमूटपणे तीन कप्पे करून झडत्या भरल्या, त्या सहाध्यायाला अधिक गुण मिळतील.

येथे ‘अनपेक्षित’ या शब्दाची थोडी फोड केली पाहिजे. अनपेक्षित कोणाला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. काही गोष्टी फक्त शिक्षकाला अनपेक्षित असतात. झडती कशी म्हणतात हे विद्यार्थ्याला लहानपणापासून ठाऊक असते. काही गोष्टी विद्यार्थ्याला अनपेक्षित असतात. आपल्या घरातले, आपल्या तांड्यावरचे बोलणे हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हेच त्याला नवे असते. आणि फार थोड्या गोष्टी विद्याशाखेलाच अनपेक्षित असतात. या तिन्हींचे शैक्षणिक मूल्य वेगवेगळे आहे. आपण बहुधा तिसऱ्या प्रकारालाच संशोधन म्हणून मान देतो. वास्तविक पदव्युत्तर पातळीवर दुसऱ्या प्रकाराचे मोल सर्वांत मोठे आहे. कोलामी घरातून आलेली एखादी विद्यार्थिनी आजीच्या गोष्टीतील नात्यांचे शब्द मराठीत आणताना अडखळते आणि आपण का अडखळलो याचा विचार करू लागते, तेव्हा भाषांतरमीमांसेचे तिचे खरे शिक्षण सुरू होते.

मुळात संकलनाचे मोठे प्रकल्पही याच रीतीने वाढले आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्यातील डोंगरी भागात जात्यावरच्या ओव्यांचे जे काम केले, त्याची मुळे १९८० च्या दशकातील सामाजिक संघटनकार्यात होती. ओव्यांचा कोश करणे हा आरंभीचा हेतू नव्हता. स्त्रियांशी संवाद वाढत गेला आणि ओवी हेच त्यांच्या आत्मकथनाचे व समाजचिंतनाचे साधन असल्याचे स्पष्ट होत गेले. पुढे एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या माध्यमातून वाचकांसमोर येत गेल्या. या कामाची ‘अपेक्षित निष्पत्ती’ आरंभी कोणी लिहून मागितली असती, तर ओव्यांचा त्या कागदावर बहुधा उल्लेखही आला नसता.

४

अनपेक्षिताला वाव दिला की मूल्यमापन अशक्य होते, असा एक समज आहे. तो खरा नाही, हे दाखवणारे एक उदाहरण भारतातच आहे. मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू केला. मुलांनी प्रयोग करावेत, जे दिसेल ते लिहावे आणि चर्चेतून निष्कर्ष काढावा, अशी त्याची पद्धत होती. या कार्यक्रमाच्या कर्त्यांनी परीक्षाही बदलली. मुलांना पुस्तक व स्वतःची वही घेऊन परीक्षेला बसता येत असे. प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा असे. आणि प्रश्न असे असत की पाठ केलेले उत्तर उपयोगी पडू नये. पुढे एकलव्य संस्थेने हे काम वाढवले. २००२ मध्ये राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तथापि तीन दशके सरकारी शाळांच्या चौकटीत, सार्वजनिक परीक्षेसह, तो चालला ही वस्तुस्थिती उरतेच. अध्ययन खुले ठेवायचे असेल, तर परीक्षा अध्यापनाबरोबरच आणि त्याच हातांनी घडवली गेली पाहिजे, हा त्याचा धडा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आणि इशारा देणारे आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनासाठी शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी कराव्यात, अशी त्यात योजना होती. कल्पना चांगली होती. मुलाचे जे वेगळेपण गुणांत मावत नाही, ते नोंदीत मावावे असा तिचा उद्देश होता. झाले असे, की विषयवार व गुणवार तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि शाळाशाळांतून त्याच नोंदी उतरवल्या जाऊ लागल्या. यवतमाळच्या मुलाची नोंद आणि रत्नागिरीच्या मुलाची नोंद शब्दशः एक होऊ लागली. याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारता येणार नाही. नोंद करण्यासाठी लागणारा वेळ त्याला दिला नव्हता. आणि ती नोंद पुढे कोणी वाचून तिच्यावर काही कृती करील, अशी व्यवस्थाही नव्हती. जी नोंद कोणी वाचणार नाही, ती नक्कल होणारच.

या दोन उदाहरणांवरून एक निकष हाती लागतो. अनपेक्षिताच्या मूल्यमापनाचे यश नमुनापत्रकाच्या सुबकपणावर अवलंबून नसते. ती नोंद वाचणारा आणि तिच्याविषयी विद्यार्थ्याशी बोलणारा कोणी आहे की नाही, यावर ते अवलंबून असते.

५

या निकषाला धरून क्षेत्रीय प्रकल्पासाठी एक आराखडा येथे सुचवावासा वाटतो. तो अंतिम नाही. विभागांनी आपापल्या परिस्थितीनुसार त्यात फेरबदल करावेत.

पहिली सूचना रचनेविषयी आहे. प्रकल्पाचे क्षेत्र निश्चित असावे, निष्कर्ष निश्चित नसावा. ‘झडत्यांचे वर्गीकरण करा’ असे न म्हणता ‘आपल्या गावात झडती कोण म्हणतो, कोण म्हणत नाही, आणि तिच्यात यंदा नवे काय आले’ असे विचारावे. ‘कृषिजीवनातील शब्दांचा संग्रह करा’ असे न म्हणता ‘डवरणीपासून कापूस वेचणीपर्यंत एका शेतात ऐकू आलेले शब्द आणि ते कोणी उच्चारले याची नोंद ठेवा’ असे सांगावे. प्रश्न नेमका असला की मोकळेपणाला अर्थ येतो. नाहीतर तो केवळ ढिलेपणा ठरतो. प्रकल्पाच्या एकूण वेळेपैकी निदान चौथा हिस्सा कोणत्याही ठरीव कामाविना मोकळा ठेवावा. विद्यार्थी मध्येच भेटलेल्या धाग्याचा माग घेऊ शकेल, तो याच वेळात.

दुसरी सूचना नोंदवहीची. दिनांकवार नोंदवहीत डाव्या पानावर जे पाहिले-ऐकले ते, आणि उजव्या पानावर त्यातून सुचलेले प्रश्न, असे दोन भाग असावेत. मार्गदर्शकाने ती निदान तीन वेळा, प्रकल्प चालू असतानाच, पाहावी व स्वाक्षरीसह एखादा प्रश्न तीत लिहावा. शेवटी एकदम लिहून काढलेली वही आणि दिवसागणिक भरलेली वही यांतील फरक अनुभवी शिक्षकाच्या सहज ध्यानात येतो.

तिसरी सूचना परतभेटीची. विद्यार्थ्याने आपले लेखन ज्यांच्याकडून सामग्री मिळवली त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्या व घेतलेले आक्षेप जोडपत्रात नोंदवावेत. पोडावरील किंवा तांड्यावरील माणूस हा केवळ माहितीचा पुरवठादार नाही. तोही परीक्षक आहे, हे यातून विद्यार्थ्याला कळते.

चौथी सूचना गुणदानाची. प्रकल्पाला शंभर गुण धरले, तर त्यांपैकी पन्नास गुण पूर्वनिश्चित कौशल्यांना असावेत : संकलनातील शिस्त, उच्चारानुसारी लेखन, संदर्भांची नोंद, आणि प्रमाण मराठीतील सुसंगत मांडणी. वीस गुण मौखिकीला असावेत. उरलेले तीस गुण अशा अध्ययनाला असावेत, की ज्याचा उल्लेख आरंभीच्या आराखड्यात नव्हता. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. मूळ प्रश्न कोठे आणि का बदलला? त्या बदलाला नोंदवहीत पुरावा काय? आणि विद्यार्थ्याने आपल्या नव्या समजुतीची स्वतः कोणती पडताळणी केली? प्रत्येकी दहा गुण. यात निष्कर्षाच्या नवेपणाला गुण नाहीत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

तसे करण्याचे कारण आहे. आश्चर्यालाच गुण ठेवले, तर विद्यार्थी आश्चर्य रचू लागतील आणि ‘अनपेक्षित’ हाही एक अपेक्षित प्रकार होऊन बसेल. काही वेळा सर्व काही अपेक्षेप्रमाणेच घडते. अशा वेळी विद्यार्थ्याने आपली अपेक्षा कसून तपासली आणि ती टिकली असे दाखवले, तरी त्याला हे तीसही गुण मिळण्यास प्रत्यवाय नसावा. तेथे पहिल्या प्रश्नाचे रूप ‘मूळ प्रश्न का टिकला’ असे होईल. तसेच एखादे गृहीतक कोसळले आणि विद्यार्थ्याने ते प्रामाणिकपणे नोंदवले, तर तेही अध्ययनच होय.

पाचवी आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की निष्पत्ती नंतरही लिहाव्यात. प्रकल्प संपल्यावर विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांनी मिळून ‘येथे हे शिकले गेले’ अशी तीन-चार वाक्ये भूतकाळात लिहावीत आणि विभागाने ती जतन करावीत. पाच वर्षांनी अभ्यासक्रमाची फेररचना होईल, तेव्हा अभ्यासमंडळाने ही वाक्ये समोर ठेवावीत. आज निष्पत्तींचा प्रवास वरून खाली होतो; मग तो काही अंशी खालून वरही होऊ लागेल. झडतीसाठी वर्गीकरणात वेगळा विचार हवा असे दहा विद्यार्थ्यांच्या नोंदी सांगत असतील, तर अभ्यासपत्रिकेनेही शिकले पाहिजे.

६

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला वस्तुनिष्ठतेचा. तीस गुण परीक्षकाच्या मर्जीवर सोडले, तर पक्षपात होईल, असे म्हटले जाईल. आक्षेप रास्त आहे. पण आजचे अंतर्गत गुणदान वस्तुनिष्ठ आहे, असे कोण म्हणेल? अनेक ठिकाणी सर्वांनाच जवळजवळ सारखे गुण दिले जातात आणि त्यालाच निःपक्षपात मानले जाते. त्यापेक्षा दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, प्रत्येकाने दोन ओळींत कारण लिहावे, आणि मोठी तफावत आल्यास ती चर्चेने मिटवावी, ही पद्धत अधिक उत्तरदायी आहे. कारण लेखी असले म्हणजे त्याला आव्हान देता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आमचे विद्यार्थी पहिल्या पिढीचे शिकणारे आहेत. त्यांना सेट-नेट द्यायची आहे, स्पर्धापरीक्षा द्यायच्या आहेत. त्यांना निश्चित आणि स्पष्ट असे काही द्या, मोकळेपणा ही सुस्थितांची चैन आहे, असा हा आक्षेप आहे. यातील अर्धा भाग निःसंशय खरा आहे. प्रमाण मराठीवरील प्रभुत्व, ग्रंथांचे ज्ञान, युक्तिवादाची शिस्त या गोष्टी त्यांना मिळाल्याच पाहिजेत, आणि म्हणूनच वरील आराखड्यात निम्मे गुण त्यांना ठेवले आहेत. परंतु उरलेला अर्धा भाग तपासण्यासारखा आहे. शहरी ग्रंथालयाच्या आधारे लिहावयाच्या निबंधात वणीचा किंवा उमरखेडचा विद्यार्थी आरंभापासून मागे असतो. क्षेत्रात मात्र तो पुढे असतो, कारण भाषा त्याची आहे, माणसे त्याची आहेत. अनपेक्षिताला गुण न देणे म्हणजे त्याच्याजवळ जे आहे त्याला गुण न देणे होय. शिवाय ठरीव विषयावरील ठरीव निबंध आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही क्षणांत लिहून देतात. आजोबा आणि नातू यांच्या उच्चारातील फरक ऐकायला मात्र पोळ्याच्या दिवशी तोरणाखालीच उभे राहावे लागते.

तिसरा आक्षेप व्यवस्थेचा आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही. नोंदवह्या तीनदा वाचायच्या कोणी? प्राध्यापकांची पदे रिक्त असतात आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील शिक्षक करतात. ज्याला पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने विद्यार्थ्याला अनिश्चिततेत उतरण्याचे धैर्य कसे द्यावे? वर्णनात्मक नोंदींचे जे झाले तेच याही आराखड्याचे होऊ शकते. म्हणून स्थायी शिक्षकांची मागणी ही केवळ सेवाशर्तींची मागणी नाही. ती अध्ययनाच्या स्वरूपाशी निगडित असलेली शैक्षणिक मागणी आहे, असे अभ्यासमंडळांनी स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

७

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. जे जे शिकले जाते ते ते मोजलेच पाहिजे असे नाही. काही अध्ययन मूल्यमापनाच्या बाहेरच ठेवणे, हाही रचनेचाच भाग आहे.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यापूर्वी १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे संमेलन झाले होते. २०१९ च्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून मोठा वाद झाला, आणि अखेर उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्या कळंब तालुक्यातील राजूर गावच्या; आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी; आणि शेतकरी विधवांच्या जीवनावरील ‘तेरवं’ या नाटकात भूमिका करणाऱ्या. निमंत्रण मागे घेण्याच्या कृतीचे समर्थन त्यामुळे होत नाही. पण त्या व्यासपीठावरून मराठी साहित्यव्यवहाराला जे ऐकावे लागले, ते कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेने योजलेले नव्हते, हेही खरे आहे. शेतकरी आत्महत्यांविषयीच्या साहित्याचा अभ्यास आपण करतो. ज्यांच्या विषयी ते लिहिले गेले, त्यांच्यापैकी एक वक्ता म्हणून समोर उभी राहिली, की ‘विषय’ आणि ‘वक्ता’ यांचे नाते पालटते.

या जिल्ह्यातील वर्गात हा केवळ संमेलनाचा प्रसंग नसतो. साहेबराव करपे आणि त्यांच्या कुटुंबीयांनी १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवले. ते महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे होते. तेव्हापासून या दुःखाने किती घरे गाठली, हे येथील शिक्षकाला सांगावे लागत नाही. ग्रामीण कादंबरी शिकवताना समोरच्या बाकावर कोण बसले आहे याची त्याला जाणीव असते. अशा विद्यार्थ्याच्या मनात त्या कादंबरीने जे हलवले, ते अध्ययन आहे, कदाचित सर्वांत खोल अध्ययन आहे. पण त्याची नोंद मागणे आणि त्याला दहापैकी गुण देणे हे अनुचित होईल. म्हणून नोंदवहीतील काही पाने न दाखवण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असावा, आणि न दाखवलेल्या पानांमुळे गुण कमी होऊ नयेत. गुण द्यायचे ते विचाराच्या दृश्य प्रवासाला. अंतःकरणाच्या बदलाला नव्हेत.

८

बहिणाबाई चौधरींच्या रचना मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवल्या. त्या १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने आल्या. घरातल्यांनी ते वेळीच टिपून घेतले नसते, तर मराठी कविता एका मोठ्या कवयित्रीला मुकली असती. त्यात कोणाचाही दुष्ट हेतू असावा लागला नसता. केवळ तिचे बोलणे नोंदवण्याजोगे कोणाला वाटले नसते, एवढेच.

आपल्या गुणपत्रकांनी दरवर्षी काय काय नोंदवण्याजोगे मानलेले नाही, याचा विचार मराठी विभागांनी केला पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले. भाषेच्या प्राचीनतेचा गौरव होत असताना तिचे आज चालू असलेले जगणे विद्यार्थ्याच्या कानांवर येत आहे, आणि ते त्याने ऐकले की नाही हे विचारणारा प्रश्न आपल्या परीक्षेत नाही. येत्या सत्रात प्रत्येक विभागाने निदान एका अभ्यासपत्रिकेत तीस गुण मोकळे ठेवून पाहावेत आणि सत्रान्ती काय शिकले गेले ते भूतकाळी वाक्यांत लिहून ठेवावे. पाच वर्षांनी ती वाक्ये ‘शकेल’च्या वाक्यांशेजारी ठेवून वाचली, म्हणजे अभ्यासक्रम कोठे बदलावयास हवा हे अभ्यासमंडळाला निराळे सांगावे लागणार नाही.